अवकाशविज्ञान आणि ऐच्छिक विषय

इंजिनियरिंगच्या अभ्यासक्रमांत ऐच्छिक विषयांची यादी हातीं पडली, म्हणजे अवकाशविज्ञानाची ओढ असलेला विद्यार्थी प्रथम तींत ‘अवकाश’ हा शब्द शोधूं लागतो. तो न सांपडला, कीं आपली वाट खुंटली असें समजून तो खट्टू होतो व गुण सहज मिळतील असे विषय घेऊन मोकळा होतो. येथेंच नुकसान होतें. विषय निवडावा तो नांवावरून नव्हे, कामावरून.

पुणें जिल्ह्यांतील खोडद येथील रेडिओ दुर्बीण पाहा. तिच्या ३० तबकड्यांपैकीं प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. पृष्ठभाग सलग पत्र्याचा नसून पोलादी तारांच्या जाळीचा आहे. जाळीचीं छिद्रें रेडिओलहरींच्या लांबीपुढें बारीक असल्यामुळें लहरी परततात. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवतां येतो. हें फळ खगोलशास्त्राइतकेंच रचनाशास्त्राचें आहे.

दुसरें उदाहरण मंगळयानाचें. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं तें मंगळाच्या कक्षेंत शिरलें, तेव्हां पृथ्वीवरील संदेश तेथवर पोंचण्यास सुमारें १२ मिनिटें लागत. इतक्या दुरून क्षणोक्षणीं हुकूम सोडणें अशक्य. इंजिन चालविण्याचें काम यानानें आपल्या आपणच पार पाडलें. ‘कंट्रोल सिस्टिम्स’ हा रूक्ष वाटणारा विषय तेथें उपयोगी पडतो.

उलट, ४ जून १९९६ रोजीं एरियान-५ या युरोपीय अग्निबाणाचें पहिलें उड्डाण मिनिटभरांतच विनाश पावलें. संगणकांतील एक संख्या १६ बिटांच्या जागेंत मावली नाहीं, एवढेंच निमित्त!

तेव्हां यंत्रशाखेच्या विद्यार्थ्यानें उष्णतावहन व कंपनशास्त्र घ्यावें. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानें सिग्नल प्रोसेसिंग व अँटेना. संगणकशाखेच्या विद्यार्थ्यानें संख्यात्मक गणित व सॉफ्टवेअरची परीक्षा. शिवाय ज्याला यान बांधण्यावर न थांबतां त्यानें आणलेल्या मापनांचा अर्थ लावावयाचा आहे, त्यानें पदार्थविज्ञान व संख्याशास्त्र यांचा एकेक विषय अवश्य जोडावा. मापनांत चूक किती असूं शकेल, हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्याला शोध लागला असें म्हणतां येत नाहीं.

यादींत ‘अवकाश’ नसेल तर नसो. उष्णता, कंपन, संदेश आणि संख्या यांवांचून कोणतेंही यान अवकाशांत टिकत नाहीं, एवढें ध्यानीं ठेवून विद्यार्थ्यांनीं निवड करावी.