सरड्याची धाव
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



अभ्यासवर्गात एका कार्टून चित्रपटावर बोलायचे, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. परंतु ज्याला आपण निव्वळ करमणूक म्हणून सोडून देतो, तिच्यातूनच नायक कोण आणि सोंगाड्या कोण, याचे हिशेब माणसाच्या मनात लहानपणीच पक्के होतात. म्हणून गोर व्हर्बिन्स्की यांनी दिग्दर्शित केलेला २०११ सालचा 'रँगो' हा विनोदी वेस्टर्नपट मी निवडला आहे. २०१२ साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

अमेरिकेतील मोजावे वाळवंटात मोटारीतून फेकला गेलेला एक पाळीव सरडा 'डर्ट' नावाच्या तहानलेल्या गावात येतो आणि थापांच्या जोरावर तेथील शेरीफ होतो. या गावाचे पाणी बँकेत ठेवलेले असते! लोक ठरल्या वेळी नळापाशी जमतात, भक्तिभावाने नाचतात, आणि नळातून चिखल गळतो. पुढे पाणी पळवले म्हणून बिळात राहणाऱ्या एका दरिद्री कुटुंबाचा पाठलाग होतो. पण त्यांच्या हाती लागलेली बाटली मुळातच रिकामी निघते. अखेर उलगडते ते असे, की गावचा महापौर, एक वयोवृद्ध कासव, पाण्याची वाट रोखून भोवतालच्या जमिनी गिळंकृत करीत होता. हा दुष्काळ मालकीतून निर्माण झालेला होता. एवढे राजकीय शिक्षण मुलांच्या चित्रपटातून मिळावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या कथेला इतिहासाचा आधार आहे. १९१३ साली कालवा बांधून ओवेन्स खोऱ्याचे पाणी शेकडो किलोमीटर दूर लॉस एंजेलिसकडे नेण्यात आले आणि खोऱ्यातील विस्तीर्ण सरोवर पुढे कोरडे पडले. त्या काळाच्या सावलीत १९७४ साली 'चायनाटाउन' हा चित्रपट निघाला. 'रँगो'मधील महापौर त्यातल्या धनिकाचाच भाऊबंद शोभतो. परंतु गोरे शेतकरी येण्यापूर्वी याच खोऱ्यात पाय्यूट लोक पाट काढून जमीन भिजवीत होते. महापौराने गावाचे पाणी चोरले हे चित्रपट सांगतो. गावाने ते मुळात कोणाकडून घेतले, हे विचारीत नाही.

या चित्रपटातील मूलनिवासी म्हणजे 'वुन्डेड बर्ड' नावाचा कावळा. त्याला आवाज दिला आहे कोमांचे वंशाच्या गिल बर्मिंगहॅम यांनी, आणि ही निवड उचितच आहे. त्याच्या गळणाऱ्या पिसांत नायक काही गूढ अध्यात्म शोधू लागतो, तेव्हा हा शांतपणे सांगतो, की पिसे झडण्याचा हंगाम आहे! येथे हसे होते ते परक्याच्या भाबड्या कल्पनेचे, हेही मान्य केले पाहिजे. तरीही त्याचे काम दुसऱ्यांच्या टोळीसाठी माग काढण्याचेच राहते. मेक्सिकन घुबडे नायकाच्या मरणाची गाणी गातात. वस्तुतः गुरे राखण्याचे हे सारे कसब, लॅसो आणि रोडिओ हे शब्दसुद्धा, मेक्सिकन गुराख्यांकडून आलेले आहेत. पाण्याबाबत काही काळेबेरे आहे हे बीन्स या शेतकरी स्त्रीला आधीच उमगलेले असते. पण बोलता बोलता ती मध्येच थिजते, आणि प्रेक्षक हसतात. सत्य प्रथम जाणणाऱ्या व्यक्तीला अर्ध्या वाक्यात गोठवावे, हा विनोद निरागस नाही.

म्हणून पडद्यावर किती प्रकारची माणसे दिसली, एवढे मोजून भागत नाही. कथेला वळण कोणाच्या निर्णयाने मिळते, हे पाहावे लागते. आणि ही कसोटी हॉलिवूडला लावणारा कार्यकर्ता ती स्वतःच्या संघटनेला लावण्याचे टाळू शकत नाही. व्यासपीठावर किती स्त्रिया, किती दलित, किती आदिवासी बसले, हे आपण अहवालात अभिमानाने लिहितो. ठराव कोणी मांडला आणि कोणाच्या बोलण्याने तो बदलला, याची नोंद आपल्या इतिवृत्तांत कितीशी सापडेल? आपल्याही बैठकांत एखादी बीन्स अर्ध्या वाक्यावर थांबते, आणि अध्यक्ष पुढचा विषय पुकारतात.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. 'रँगो' कुंपणापर्यंत चांगला धावला. कुंपण कोणाच्या जमिनीवर घातले आहे, हे विचारण्याचे काम मात्र आपले आहे.