काचेच्या ट्यूबमधला प्रकाश
(अंजनगाव सुर्जी येथील युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी दारात दोघांनी विचारलं, "भाईजान, लेझर कटिंगची मशीन टाकली तर चालेल का?" लग्नपत्रिका, ट्रॉफ्या, ॲक्रिलिकच्या नेमप्लेट, एमडीएफच्या जाळ्या, कामं पुष्कळ आहेत. मी सॉफ्टवेअरवाला, पण माझ्या मामेभावाच्या दुकानात अशी मशीन आहे आणि तिनं आम्हाला बरंच शिकवलंय. म्हणून आज फक्त तिच्या पोटातल्या काचेच्या ट्यूबबद्दल बोलतो.

त्या ट्यूबमध्ये वायू असतो. वायूतून वीज सोडून लेझर चालवण्याची कल्पना तेहरानमध्ये जन्मलेल्या अली जवान यांची. डिसेंबर 1960 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हेलियम-निऑनचा लेझर पेटवला. त्याच वर्षी मेमध्ये आलेला माणिकाचा लेझर झटक्याझटक्यानं चमकायचा. हा सलग चालणारा पहिला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या किरणावरून त्यांनी टेलिफोनवर संभाषण केलं.

तुमच्या कामाचा लेझर मात्र कार्बन डायऑक्साइडचा. तो त्याच बेल लॅबमध्ये 1964 मध्ये कुमार पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची. तेव्हा वय जेमतेम सव्वीस! ही गोष्ट आपल्या कॉलेजांत फारशी सांगत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

ट्यूबमध्ये कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन आणि हेलियम असतात. हजारो व्होल्टचा दाब दिला की नायट्रोजनचे रेणू थरथरू लागतात. ती ऊर्जा ते बराच वेळ धरून ठेवतात आणि टक्कर झाली की कार्बन डायऑक्साइडला देतात, भरल्या घागरीतून रिकाम्या घागरीत ओतावं तशी. ऊर्जा भरलेल्या रेणूजवळून प्रकाशकण गेला की तो रेणू अगदी तसाच दुसरा कण सोडतो. ट्यूबच्या दोन टोकांना आरसे असतात. कण येरझारा घालत वाढतात आणि एका आरशातून थोडा प्रकाश बाहेर पडतो. हेलियम उष्णता काचेपर्यंत नेतो आणि वापरून झालेले रेणू पुन्हा भरण्याजोगे करतो.

या प्रकाशाची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन. लाकूड, कागद, कापड, चामडं, ॲक्रिलिक तो चटकन शोषून घेतात, म्हणून कडा स्वच्छ येतात. या जातीच्या लेझरला वीजही बरी मानवते. हेलियम-निऑनमध्ये हजार वॅट घातले तर एखादा वॅट प्रकाश मिळणंही कठीण, इथे साधारण शंभर वॅट तरी मिळतात.

उरलेल्या नऊशेची उष्णता होते, आणि खरी कटकट तिथेच आहे. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. भावानं चिलर न घेता बादली आणि पंप लावला होता. एके दुपारी पाण्याचा पाइप मुडपला, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ट्यूब तडकली. पत्रिकांची ऑर्डर अर्धवट, हजारोंचा फटका. आता पाणी थांबलं की मशीन बंद करणारा सेन्सर बसवलाय. तो आधी घेतला असता तर किती स्वस्त पडला असता! ट्यूब न तडकताही काही हजार तासांत म्हातारी होतेच.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. मशीनवर दिसणारा लाल ठिपका केवळ नेम धरायला असतो. कापणारा किरण दिसतच नाही. तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. झाकण उघडं ठेवून कधीच चालवू नका, आणि मशीन सोडून चहाला जाऊ नका. ॲक्रिलिक पेट घेतं. पीव्हीसी किंवा त्याचं रेक्झिन तर कापूच नका. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुफ्फुसं जाळतो आणि मशीनही गंजवतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. स्टील-पितळेचं काम असेल तर हा लेझर घेऊ नका. धातू हा प्रकाश बराचसा परतवतो. त्यासाठी फायबर लेझर बघा. पत्रिका, लाकूड, ॲक्रिलिक असेल तर हाच घ्या, पण ट्यूब आणि चिलरचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. आधी चार दिवस एखाद्या चालत्या दुकानात बसा. आता विचारा.