शिकण्याची रीत आणि शिकण्याची सवड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपल्यापुढे एक सूचना आली आहे. तीन दिवसांची निवासी शिबिरे खर्चाची होतात, तरुण कार्यकर्त्यांना रजा मिळत नाही. तेव्हा व्याख्याने ध्वनिमुद्रित करून सर्वांच्या मोबाइलवर पाठवावीत, आणि ज्याने त्याने आपल्या सवडीने व आपापल्या शिकण्याच्या पद्धतीने ती ऐकावीत. सूचना सद्हेतूने आली आहे. ध्वनिमुद्रणाला माझा विरोध नाही. परंतु ‘आपापली पद्धत’ आणि ‘आपली सवड’ हे दोन शब्दप्रयोग मला तपासून पाहावेसे वाटतात.

कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, कोणी वाचून-लिहून, तर कोणी हातांनी काम करून, अशी चार गटांची विभागणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी प्रचारात आणली. शिक्षकांच्या प्रशिक्षणात ती चांगलीच रुजली. हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरील संशोधनाची छाननी केली. माणसांच्या आवडी वेगवेगळ्या असतात हे त्यांनी नाकारले नाही. पण त्या आवडीनुरूप शिकवल्याने शिकणे अधिक चांगले होते, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर आकडे हाताने मांडल्याखेरीज मला अर्थशास्त्र कधी उमगले नाही. दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ३४ कोटी पौंडांच्या उत्पादनाला १७ कोटी लोकसंख्येने भागायचे. दोन पौंड येतात, म्हणजे तेव्हाचे २० रुपये. त्याच्या शेजारी दादाभाईंनीच काढलेला निव्वळ जगण्यापुरता खर्च लिहायचा: ३४ रुपये. हा हिशेब ज्याने स्वतः मांडला, त्याला तो पाठ करावा लागत नाही. यात माझ्या स्वभावाचे काही वैशिष्ट्य आहे, असे मी मानीत नाही. तो विषयाचा गुण आहे. नकाशा पाहूनच समजतो, गाणे ऐकूनच, आणि नांगर धरल्याशिवाय नांगरणी येत नाही, मग तुम्ही कोणत्याही गटातले असा. शिवाय माझ्यापाशी कागद होता, रात्री दिवा होता आणि अडलो तर विचारायला सहाध्यायी होते.

नेमकी हीच गोष्ट ‘शिकण्याच्या पद्धती’च्या चर्चेत नाहीशी होते. वर्ग गच्च भरलेला, घरी बसायला कोपरा नाही, पोटात अन्न नाही. अशा मुलाला ‘हा कानांनी शिकणारा’ म्हणून मोकळे होता येते. जे परिस्थितीचे, ते स्वभावाच्या खाती जमा होते. बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच्या उलट केले. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी शोधले. मुले गुरे राखायला जात होती. मग शाळाच कुरणावर गेली. त्या कुरणशाळेत मुलाचा प्रकार कोणी ठरवला नाही, त्याचा दिवस कसा जातो हे पाहिले.

सिद्धान्तांविषयी थोडक्यात सांगतो. हार्वर्डच्या स्किनर यांनी १९५४ साली शिकवण्याचे यंत्र पुढे आणले: छोटा प्रश्न, उत्तराची तत्काळ पावती, मग पुढचा प्रश्न. मोबाइलवरील पुष्कळशा शिकवण्यांचा साचा आजही हाच आहे, आणि पाढे किंवा नवी लिपी शिकायला तो उपयोगी आहे. रशियातील विगोत्स्की यांचे म्हणणे असे की, मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या साहाय्याने जे करू शकते, त्या दोहोंमधल्या अंतरात खरे शिकणे घडते. ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली अंजिकोस येथे सुमारे ३०० कष्टकऱ्यांना त्यांच्याच जगण्यातील शब्दांवर चर्चा करीत साक्षर केले. १९६४च्या लष्करी उठावानंतर त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. पाढे शिकवणाऱ्या यंत्राला तुरुंगात टाकल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

यंत्राशी माझे वैर नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवणारा संगणक ही मुक्तीच आहे. पण यंत्र कोणाच्या हाती आणि किती काळ, हे विचारले पाहिजे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचली. गाव एका संचापुढे एकत्र बसत असे. उपग्रह अमेरिकेकडून उसना आणलेला होता. वर्ष संपताच तो गेला. पुढे २०२० साली शाळा बंद झाल्या आणि शिक्षण ‘ऑनलाइन’ झाले. त्याआधीच्या, २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात १०० पैकी जेमतेम १५ घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक पाच घरांतही नव्हता. त्यानंतर मोबाइल पुष्कळ पसरला. परंतु घरात एकच मोबाइल असेल तर तो आधी कोणाच्या हाती जातो, हे आपल्या महिला साथींना विचारा.

सवडीचा प्रश्न इथेच येतो. चुलीपाशी मोबाइल ठेवून भाकरी थापता थापता व्याख्यान ऐकणारी कार्यकर्ती शिकते आहे, असे आपण म्हणणार आणि तिला तीन दिवस मोकळे करण्याच्या जबाबदारीतून सुटणार. शिबिरात तिला निदान आयते ताट मिळते, आणि मध्येच उठून ‘हे मला पटत नाही’ म्हणता येते. मोबाइलमधल्या वक्त्याला ते ऐकू जात नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे. व्याख्याने मोबाइलवर अवश्य पाठवावीत, माझेही पाठवावे. मात्र शिबिर रद्द न करता ते व्याख्यानांतून मोकळे करावे. प्रत्येकाने आपल्या ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे अंदाजपत्रक घेऊन यावे, चौघाचौघांनी बसून ते सोडवावे, पाण्यावर दरडोई किती आणि रस्त्यांवर किती हे स्वतः काढावे, आणि तिसऱ्या दिवशी सर्वांपुढे मांडावे. विचारताच पानभर उत्तर लिहून देणारी यंत्रे आता आली आहेत. भागाकार झाल्यावर त्यांच्याकडून ताळा करून घ्यायला हरकत नाही. रोजंदारीवरच्या साथींची तीन दिवसांची मजुरी पक्षनिधीतून द्यावी, आणि लहान मुलांची सोय शिबिराच्या खर्चातच धरावी. त्यासाठी किती रक्कम लागेल याचा अंदाज मी कागदावर करून आणला आहे. तो कोषाध्यक्षांकडे देतो.