कॉर्डोबाची पुस्तके



शाळेत मुलं जे आकडे गिरवतात ते भारतातून अरबांकडे गेले आणि अरबांकडून युरोपात पोचले, हे शिक्षक बंधुभगिनींना ठाऊकच आहे. त्या वाटेवरचा एक मोठा मुक्काम म्हणजे मुसलमानी अमलाखालचा स्पेन. त्याची राजधानी होती कॉर्डोबा.

इ. स. ७११ मध्ये अरब आणि बर्बर फौजा आफ्रिकेतून स्पेनमध्ये उतरल्या. पुढे ७५६ मध्ये दमास्कसच्या उमय्या घराण्यातला अब्दुर्रहमान हा परागंदा राजपुत्र कॉर्डोबाच्या गादीवर बसला. दोनशे वर्षांत हे शहर पश्चिम युरोपात पहिल्या प्रतीचं झालं. ख्रिस्ती आणि यहुदी प्रजेला जादा कर भरावा लागे, सारे काही समान नव्हते. पण विद्वान यहुदी दरबारात मोठ्या अधिकारावर चढले.

शेतकरी बंधूंनो, या वैभवाच्या मुळाशी पाणी होतं. नदीकाठी आपल्या रहाटगाडग्याच्या जातीची चाके फिरत. पाटाच्या पाण्यावर ऊस, भात, नारिंगे तिकडे रुजली. आपली शर्करा अरबीत 'सुक्कर' झाली आणि स्पॅनिशमध्ये 'असुकार'. बियाण्याबरोबर शब्दही गेले!

खलिफा दुसरा हकम (९६१ ते ९७६) हा पुस्तकांचा मोठा शोकी. त्याचे हस्तक कैरो, बगदादपर्यंत ग्रंथ विकत घेत हिंडत. संग्रहात चार लाख ग्रंथ होते, नुसती यादीच ४४ वह्यांची होती, असे जुने बखरकार सांगतात. आकडा फुगवलेला असेल. संग्रह मोठा होता यात शंका नाही. गरिबांच्या मुलांसाठी त्याने २७ शाळा काढल्या आणि शिक्षकांचा पगार स्वतः दिला, असेही ते लिहितात.

हकम वारला, मुलगा अजाण. सत्ता वजीर मन्सूरच्या हाती गेली. कर्मठ धर्मशास्त्र्यांना खूश करण्यासाठी त्याने तत्त्वज्ञानाची आणि ज्योतिषाची पुस्तके जाळवली. १००९ पासून यादवी माजली, शहर लुटले गेले, उरलेले ग्रंथ पांगले. १०३१ मध्ये खिलाफतच संपली.

मग राहिले काय? जे दुसऱ्याने उतरवून घेतले ते. कॉर्डोबाजवळचा वैद्य झहरावी याने शस्त्रक्रियेवर लिहिले, हत्यारांची चित्रे काढली. बाराव्या शतकात तोलेदो गावी, ख्रिस्ती राजाच्या अमलात, जेरार्ड नावाच्या इटालियन पंडिताने त्या भागाचे लॅटिन भाषांतर केले. युरोपातले शल्यवैद्य पुढे कित्येक शतके त्यावर शिकले.

आणि ते आकडे? हकम वारला त्याच ९७६ साली उत्तर स्पेनमधल्या अल्बेल्दाच्या ख्रिस्ती मठात एका साधूने आपल्या पोथीत नऊ अंक लिहून ठेवले. पश्चिम युरोपातली ती त्यांची सर्वांत जुनी ज्ञात नोंद आहे.

राजवाड्यातली कपाटं रिकामी झाली. गुरूने शिष्याला दिलेलं, एका भाषेतून दुसरीत गेलेलं मात्र टिकलं. आपल्या शाळेच्या कपाटाला कुलूप असेल, तर एवढं ध्यानात ठेवावं.