मागे पडणारं घड्याळ

(1988 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला सांगितलंय, ‘तुझ्या कामातला एक अनुभव सांग, पण आटोपशीर.’ आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, बँकेतले मोठे साहेब आहेत. मी गाड्यांची वायरिंग दुरुस्त करतो. स्टार्टर, हॉर्न, दिवे. तेव्हा अनुभवही तसाच, डॅशबोर्डवरच्या एका घड्याळाचा. पण ती गाडी आपल्या विज्ञानाच्या सरांची आहे आणि सर पहिल्या रांगेत बसलेत. त्यांची परवानगी काढली आहे. ‘सांग, पण आकडे बरोबर सांग,’ एवढीच त्यांची अट.

गेल्या एप्रिलमध्ये सर गॅरेजवर आले. गाडी वीस-बावीस वर्षांची, पण सरांच्या वह्यांसारखी नीटनेटकी. म्हणाले, “अरे, हे घड्याळ मागे पडतं. रोज मनगटी घड्याळाशी जुळवतो, तरी पडतं.” काट्यांचं साधं क्वार्ट्झ घड्याळ होतं. दुसरीकडे बॅटरी बदलून झाली होती, उपयोग शून्य.

मी म्हटलं, “सर, जाऊ द्या ना. मोबाइल आहे की.”

सर जरा थांबले. मग हळूच म्हणाले, “घरचे म्हणतात, घड्याळ ठीक आहे, तुम्हीच चुकीचं लावता. आता गाडी विका म्हणतात. मलाही वाटायला लागलंय, आपलंच काही विसरतंय की काय.”

ते ऐकल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं.

आधी थोडं घड्याळाबद्दल. त्यात क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक असतो. गाड्यांच्या पुष्कळ घड्याळांत तो सेकंदाला 41,94,304 वेळा कंप पावतो. सर, आकडा तपासून आलोय. हा आकडा 22 वेळा निम्मा केला की बरोबर 1 उरतो. तोच आपला एक सेकंद. उन्हाने स्फटिकाची चाल थोडी बदलते, पण फरक दिवसाला काही सेकंदांचा. सरांचं घड्याळ कधी पाऊण तास, कधी दीड तास मागे असायचं. मग मला कळलं की ते सावकाश चालत नसणार. ते मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत असणार. आकड्यांचं घड्याळ असतं तर वीज तुटल्यावर ते भलतीच वेळ दाखवू लागलं असतं आणि बिघाड लगेच कळला असता. काट्यांचं घड्याळ जिथे थांबतं तिथूनच पुढे निघतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की ते मंद आहे.

आता थांबतं कधी, हे शोधायचं होतं. फ्यूज पाहिला. घड्याळाच्या मागे मीटर लावला. 12.6 व्होल्ट. स्टार्टर मारताना व्होल्टेज उतरायचं, पण घड्याळ चालूच. अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट केला. गॅरेजमध्ये ते दिवसभर बिनचूक चाललं. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन, “अरे, पुन्हा 50 मिनिटं मागे.”

तेव्हा मी सरांना गृहपाठ दिला! (इथे तुम्ही हसा, मी पण हसलो होतो.) म्हटलं, “सर, 15 दिवस वहीत लिहा. सकाळी आणि रात्री घड्याळ किती मागे, गाडी कुठे उभी होती, किती वाजता.”

सरांनी तक्ता आखून आणला, समास सोडून. सहा दिवस गाडी घरीच पोर्चमध्ये होती, एक मिनिटाचाही फरक नाही. तीन दिवस सर संध्याकाळी बाहेर गेले, तेव्हाही फरक नाही. म्हणजे खड्ड्यांचा, धक्क्यांचा दोष नव्हता. उरलेले सहा दिवस गाडी दुपारी वाचनालयासमोर उन्हात होती. त्या सहाही दिवशी घड्याळ मागे.

घड्याळ काढून टेबलावर घेतलं, 12 व्होल्ट दिले आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर लांबून धरला. सात मिनिटांनी सेकंदकाटा थांबला. वीज पोचत होती, दोष आतच होता. गार झाल्यावर काटा आपोआप चालू. उघडून भिंगाखाली पाहिलं, तर एका पिनेभोवती सोल्डरच्या डागाला केसासारखी गोल चीर. तापलं की पिन आणि पट्टी कमीजास्त प्रसरण पावतात आणि चीर उघडते. निवलं की मिटते. जुना डाग काढून नवा दिला. जुना कपॅसिटरही बदलला. काम दहा मिनिटांचं.

सरांना चीर दाखवली. भिंगातून बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग म्हणाले, “म्हणजे मी बरोबर लावत होतो.” तिथूनच मुलाला फोन केला आणि वही पहिल्या ओळीपासून वाचून दाखवली.

गाडी चालवावी की नाही, हे अर्थात घड्याळाने ठरवायचं नसतं. सरांनी डोळे तपासून घेतले. रात्रीचं चालवणं त्यांनी स्वतःहून सोडलं. दिवसा वाचनालयात मात्र जातात.

आता जे सांगायला उभा राहिलो ते. ही वहीची युक्ती माझी नाही. आठवीत मी विज्ञानात दोनदा नापास झालो. ‘मंद आहे’ असा माझ्यावर शिक्का बसला होता, आणि मलाही तो पटला होता. सरांनी एक दिवस हजेरीपट काढला आणि बोट फिरवत गेले. दर मंगळवारी माझी गैरहजेरी. मंगळवारी बाजार असायचा आणि मी वडिलांबरोबर कांद्याच्या पालावर बसायचो. प्रयोगाचे तास मंगळवारीच होते. सर म्हणाले, “तू मंद नाहीस, तू मंगळवारी नसतोस.” मग वर्षभर दर बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला मंगळवारचे प्रयोग करायला लावले. बॅटरी, बल्ब आणि तार मी पहिल्यांदा तिथे जोडली. आज त्यावरच माझं घर चालतं.

सर, ती 15 दिवसांची वही तुम्ही गॅरेजमध्येच विसरलात. परत मागू नका. ती मी ठेवून घेतली आहे.