कऱ्हाटीचें पाणी आणि भांडीं धुण्याचें यंत्र

बारामतीच्या एखाद्या घरांत भांडीं धुण्याचें यंत्र येतें, तेव्हां पहिले कांहीं महिने सारीं माणसें समाधानी असतात. मग उन्हाळा लागतो, आणि एके सकाळीं कांचेचे पेले पिठांत घोळल्यासारखे पांढुरके बाहेर येतात. यंत्र बिघडलें, असा निवाडा होतो. वास्तविक बदललेलें असतें तें बहुधा पाणी.

गराड्याकडे उगम पावून सोनगांवापाशीं नीरेस मिळणाऱ्या कऱ्हेचा हा मुलूख पर्जन्यछायेंतला. खालीं काळा पाषाण, वर चुनखडीची माती. त्यांतून झिरपणारें पाणी चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊनच विहिरींत उतरतें. १८८५ सालीं सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याचें पाणी त्या मानानें हलकें. बारामती शहर तेंच पितें. परंतु आवर्तन लांबलें कीं घरोघर बोअरची कळ दाबली जाते, आणि यंत्र मात्र कालव्याच्याच पाण्याला लावलेलें राहतें. राखेनें घांसून फडक्यानें पुसणाऱ्या हातास हा भेद फारसा जाणवत नसे. यंत्र घांसत नाहीं. त्याची सारी भिस्त पाण्यावर.

बहुतेक यंत्रांच्या तळाशीं राळेच्या बारीक मण्यांची कुपी असते. हे मणी चुना धरून ठेवतात व बदल्यांत सोडियम सोडतात. मिठाच्या पाण्यानें ते पुन्हां ताजे होतात. मीठ घालावयाचें तें एवढ्यासाठीं, आणि तें यंत्राचें जाडें मीठच. जेवणांतलें बारीक मीठ कुपींत गच्च बसतें. पण मीठ भरूनहि जडपणाचा आंकडा न बदलल्यास मणी वेळेवर ताजे होत नाहींत. भारतीय मानकानें पिण्याच्या पाण्यांत लिटरला २०० मिलिग्रॅम जडपणा इष्ट, व दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत ग्राह्य मानला आहे. पुष्कळ यंत्रांवरील जर्मन अंशांत हे सुमारें ११ व ३४ होतात. तपासणीच्या पट्टीनें बोअरचें पाणी पाहावें व आंकडा वाढवावा. कालवा आला कीं उतरवावा.

दोष कोणाचा हें पेलाच सांगतो. डागावर व्हिनेगर लावावें. डाग विरला तर तो चुन्याचा. साध्या ओल्या फडक्यानेंच गेला तर पाणी खारें आहे. हे मणी क्षारांची अदलाबदल करतात, खारेपणा काढीत नाहींत, म्हणून तेथें आंकडा वाढवून उपयोग नाहीं. दोन्हींनीं न गेला तर कांचच झिजली. अति हलकें पाणी व जास्त पूड यांचा तो परिणाम, आणि त्यावर उपाय नाहीं.

वाळण्याचें गणित वेगळें. भांडें वाळतें तें शेवटच्या कढत पाण्याच्या उष्णतेनें. चिनी मातीची बशी ती धरून ठेवते, पातळ स्टीलची वाटी लवकर निवते, प्लास्टिकच्या डब्याचें तर बोलूंच नये. शेवटच्या पाण्यांत मिसळण्याचें द्रव संपलेलें नसावें, वाट्या एकींत एक न घालतां तिरप्या लावाव्या, आणि काम संपतांच दार थोडें उघडें ठेवावें. खरकटें राहत असेल, तर आधीं गाळणी धुवावी व फवाऱ्याच्या छिद्रांतले भाताचे कण टांचणीनें काढावे. मोठी कढई फवाऱ्याच्या आड येत नाहीं ना, तेंहि पाहावें.

डब्यावरचा हळदीचा पिवळेपणा मात्र या कशानेंहि जात नाहीं. तो डबा धुऊन दोन दिवस उन्हांत ठेवावा. कऱ्हाटींत उन्हाला तोटा नाहीं.