राजगडावरील आजी



राजमाता जिजाऊंचे स्मरण आपण करतो ते शिवरायांची माता म्हणून, आणि ते योग्यच आहे. तथापि पुत्र कर्ता झाल्यावर, साठी ओलांडल्यावर या माउलीने दुसऱ्यांदा मातृत्व पत्करले. त्या पंधरा वर्षांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई निवर्तल्या. शंभूराजे तेव्हा अवघे सव्वादोन वर्षांचे. अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला. थोरले पुत्र संभाजीराजे कनकगिरीला पडले, त्यास हाच खान कारणीभूत, हे शल्य आऊसाहेबांच्या उरात होतेच. आता धाकटा पुत्र त्याच खानाच्या भेटीस निघणार आणि मांडीवर आईविना पोर! तान्हेपणी कापूरहोळच्या धाराऊने शंभूराजांना दूध पाजले होते. पुढचे सारे आजीने केले.

१६६४ मध्ये शहाजीराजे गेले. आऊसाहेब सती जावयास निघाल्या, तेव्हा राजांनी गळ्यात मिठी घालून त्यांना आवरले, असे सभासद बखर सांगते. त्या थांबल्या. घरात सात वर्षांचा नातूही होता, हे येथे विसरू नये.

पुढच्याच वर्षी पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले गेले, त्याचे दुःख इतिहासात नोंदलेले आहे. पण त्याच तहापायी आठ वर्षांचे शंभूराजे मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस म्हणून गेले! आणि मार्च १६६६ मध्ये पितापुत्र दोघेही आग्र्यास निघाले. मागे राज्याचा भार मातोश्रींच्या शिरावर. हाताशी मोरोपंतांसारखे कारभारी. १६२९ साली देवगिरीस निजामशहाच्या दरबारात वडील आणि भाऊ मारले गेले, ते याच स्त्रीने सोसले होते. दरबारात बोलावणे म्हणजे काय, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते.

राजे राजगडी परतले ते एकटेच. नातू मथुरेत, मोरोपंतांच्या आप्तांकडे. पाठलाग थांबावा म्हणून शंभूराजे वाटेत वारल्याची वार्ता राजांनी पसरविली, असे सांगतात. तो सुखरूप गडावर येईपर्यंतचे आजीचे दिवस कसे गेले असतील, याची कल्पना घरात नातवंडे असणाऱ्या प्रत्येकाने करावी.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. गडावरची हवा मानवत नाही म्हणून राजांनी पायथ्याशी पाचाडला मातोश्रींसाठी वाडा बांधला होता. तेथेच १७ जून रोजी, सोहळ्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, त्यांनी देह ठेवला. शंभूराजे सतरा वर्षांचे होते.

त्यानंतर राजकुटुंबातील दुरावा वाढत गेला. डिसेंबर १६७८ मध्ये शंभूराजे दिलेरखानाकडे गेले, वर्षभराने परतले. पन्हाळ्यावर पितापुत्रांची भेट झाली. दोघांनाही हक्काने चार शब्द सुनावणारी आऊसाहेब तेव्हा पाचाडला समाधीत विसावली होती.